होंडा सिटी: मामाच्या रिपासिंगच्या निमित्ताने पाच पिढ्यांची गोष्ट

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांना "ते आकडे परत एकदा बघायचेत" असं वाटतंय, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. फक्त मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

सुरुवात एका फोनपासून करतो. मागच्या महिन्यात नाशिकहून मामाचा फोन आला. "अरे, गाडीचं परत रिपासिंग आलंय. ठेवू का विकून टाकू? तू गाड्यांवर बोलतोस ना तिकडे, मग सांग की."

मामाची गाडी म्हणजे २००५ ची होंडा सिटी. सिल्व्हर रंग, एमएच-१५ पासिंग. याच गाडीत मामी ड्रायव्हिंग शिकली. याच गाडीतून ताईची वरात निघाली, आणि आजोबांना दवाखान्यात नेलं तेही याच गाडीतून. मागच्या काचेवर बाप्पाचं स्टिकर आहे, त्याचा रंग उडून आता फक्त सोंड दिसते. त्यामुळे "विकून टाक" असं मला पटकन म्हणवेना. मी म्हटलं, "मामा, मला दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. कारण शोधायला बसलो रिपासिंगचं, आणि सापडली वेगळीच गोष्ट. ही गाडी भारतात १९९८ मध्ये आली. तेव्हापासून तिच्या पाच पिढ्या झाल्या. प्रत्येक वेळी गाडी का बदलली हे बघायला गेलं, की उत्तर कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत कमी आणि पेट्रोल पंपावर, बजेटच्या भाषणात आणि शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये जास्त सापडतं. आजचा एपिसोड त्याच्यावर.

नाव आधी आलं, आपली गाडी नंतर

तर मंडळी, "सिटी" हे नाव पहिल्यांदा लागलं ते १९८१ मध्ये, जपानमध्ये. आणि ती गाडी सेडान नव्हतीच. ती होती छोटीशी, उंच, डबा ठेवल्यासारखी हॅचबॅक. तिच्या डिकीत मावेल अशी एक घडीची मोपेडही होंडाने काढली होती, मोटोकॉम्पो नावाची, ४९ सीसीची. म्हणजे गाडी लांब पार्क करायची, डिकीतून मोपेड काढायची आणि गल्लीबोळात फिरायचं. तुळशीबागेत आज कोणी असं केलं तर लोक व्हिडिओ काढतील. तिथे हे चाळीस वर्षांपूर्वी विकायला होतं.

पुढे १९८६ मध्ये दुसरी सिटी आली, तीही हॅचबॅक, पण बसकी. १९९४ पर्यंत ती चालली आणि जपानमध्ये हे नाव थांबलं.

मग १९९६ मध्ये होंडाने तेच नाव पुन्हा बाहेर काढलं, पण यावेळी गाडी वेगळी, गिऱ्हाईक वेगळं आणि देशही वेगळा. थायलंडमध्ये बनवायला घेतलेली, आशियातल्या बाजारांसाठी आखलेली, चार दारांची सेडान. पाया जुन्या सिव्हिकचा. आग्नेय आशियात, भारतात, पाकिस्तानात एक नवा वर्ग तयार होत होता. त्याला गाडी हवी होती, पण युरोपातल्या किमतीत नको होती. त्याच्यासाठी ही सिटी.

म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं की आजची सिटी सातवी पिढी आहे, तर तेही बरोबर. आणि पाचवी आहे म्हणालं, तर तेही बरोबर. जगाच्या हिशेबाने सात, भारताच्या हिशेबाने पाच. पहिल्या दोन आपल्याकडे आल्याच नाहीत.

१९९८: शोरूममध्ये नवी गाडी, खरोखरची नवी

आता नव्वदच्या दशकात या. १९९१ ला आर्थिक उदारीकरण सुरू झालं आणि १९९३ मध्ये कार बनवण्यासाठी लागणारं परवाना-बंधन गेलं. मग परदेशी कंपन्या रांगेने आल्या. आपल्या महाराष्ट्रातच बघा: कल्याणला प्यूजो ३०९ बनायला लागली, आणि नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात फोर्डची एस्कॉर्ट. मामा सांगतो, पहिली एस्कॉर्ट रस्त्यावर दिसली तेव्हा लोक वळून वळून बघायचे.

पण यात एक मेख होती. यातल्या बऱ्याच गाड्या युरोपात जुन्या झालेल्या होत्या. प्यूजो ३०९ तर तिकडे १९८५ ला आलेली. देऊ सिएलोचं मूळ डिझाइन १९८४ च्या ओपेल कॅडेटचं. म्हणजे आपल्याला नवं म्हणून मिळत होतं ते दुसऱ्याने वापरून ठेवलेलं. मोठ्या भावाचा युनिफॉर्म धाकट्याला द्यावा तसं.

होंडाने डिसेंबर १९९५ मध्ये सिएल या भारतीय कंपनीबरोबर भागीदारी केली, ग्रेटर नोएडाला कारखाना टाकला आणि जानेवारी १९९८ मध्ये सिटी आणली. थायलंडमध्ये येऊन ती जेमतेम दोन वर्षांची झाली होती. इंजिनं दोन, १.३ आणि १.५ लिटर. मोठं इंजिन साधारण १०० हॉर्सपॉवरचं. गाडी वजनाला हलकी, त्यामुळे पिकअप असा की तेव्हाच्या पोरांना वेड लागलं. २००० च्या सुमारास व्हीटेक इंजिन आलं, १०६ हॉर्सपॉवरचं, आणि मग तर विचारूच नका.

व्हीटेक म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण स्टिकर सगळ्यांनी बघितलंय पण अर्थ कमी जणांना माहितीय. इंजिनात हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात आणि ते उघडायचं काम कॅमशाफ्टवरचे उंचवटे करतात. उंचवटा छोटा असेल तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, पेट्रोल वाचतं. मोठा असेल तर जास्त उघडतो, ताकद मिळते. साध्या इंजिनाला एकच उंचवटा निवडावा लागतो. व्हीटेकमध्ये दोन्ही असतात: हळू चालवताना छोटा, आणि इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेलं की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि मोठा उंचवटा कामाला लागतो. बस, एवढंच.

जुनी व्हीटेक सिटी जपून ठेवणारे लोक आजही आहेत. त्यांच्यासमोर गाडीला "जुनी" म्हणू नका, एवढंच सांगतो.

२००३: पोरं नाराज, घरचे खूश

आता येते मामाची पिढी. २००३ मध्ये सिटी पूर्ण बदलली. बसकी, धारदार गाडी गेली आणि गोलसर, उंच गाडी आली. पुढच्या तोंडावरून लोक तिला "डॉल्फिन" म्हणायला लागले आणि ते नाव अजून टिकून आहे. सेकंडहँड बाजारात "डॉल्फिन सिटी आहे का?" असंच विचारतात.

आणि इंजिन? तेही १.५ लिटरच, पण ताकद १०० वरून ७७-७८ हॉर्सपॉवरवर आली. कमी केली! हौशी लोकांनी कपाळाला हात लावला. नव्या पिढीत ताकद कमी होते, असं कधी बघितलंय का?

कारण अगदी घरगुती होतं. घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण विचारायचे, "अ‍ॅव्हरेज किती देते?" या नव्या इंजिनाचं नाव होतं आय-डीएसआय. प्रत्येक सिलिंडरला एक नाही, दोन स्पार्क प्लग. दोन ठिकाणांहून ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पटकन आणि पूर्ण जळतं. कमी पेट्रोलमध्ये काम भागतं.

ही आयडिया ऐकल्यासारखी वाटतेय? वाटणारच. त्याच २००३ मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर डीटीएस-आय आणली. दोन प्लग, एक सिलिंडर. तुमच्या दादाने कॉलेजमध्ये फिरवलेली पल्सर आणि माझ्या मामाची सिटी, तंत्राच्या बाबतीत लांबचे चुलतभाऊच म्हणायचे.

या पिढीत अजून एक शहाणपणाची गोष्ट होती. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली नेली होती. त्यामुळे मागे पाय ठेवायला भरपूर जागा झाली आणि डिकीही मोठी. मामीने या डिकीत वाळवणाच्या पत्र्याच्या पेट्या, दोन गाद्या आणि देवघरातला चौरंग एका फेरीत नेलाय. याला मी साक्षीदार आहे, कारण चौरंगाचा एक पाय माझ्या मांडीवर होता.

२००५ मध्ये झेडएक्स हे सुधारित रूप आलं आणि नंतर व्हीटेकही परत आलं. कंपनीला कळलं असावं की घर चालवणाऱ्याला अ‍ॅव्हरेज हवं असलं, तरी त्याच घरातल्या पोराला पिकअप हवाच असतो.

चार मीटरची रेघ

इथे गाडीतून उतरून जरा संसदेत जाऊ. २००६ चं बजेट. सरकारने छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली. छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत.

या एका ओळीने भारतातल्या गाड्यांचा आकार बदलला. कंपन्यांनी सेडानच्या डिक्या अक्षरशः कापल्या. इंडिगो सीएस आली, पुढे डिझायर चार मीटरच्या आत घेतली. रस्त्यावर मागून बघितलं की काही गाड्या घाईत संपवलेल्या निबंधासारख्या का दिसतात, त्याचं उत्तर हे आहे.

सिटी या रेघेच्या पलीकडे होती. सव्वाचार मीटरच्या आसपास सुरुवात झालेली ही गाडी. तिने दोन पर्याय बघितले असतील: आक्रसून आत यायचं, किंवा बाहेरच राहून मोठं व्हायचं. कंपनीने दुसरा निवडला. तिसरी पिढी २००८ मध्ये आली ती ४.४२ मीटरची, आणि इंजिन ११८ हॉर्सपॉवरचं. डॉल्फिनचा गोलवा गेला, बाणासारखं टोकदार तोंड आलं. जास्त टॅक्स भरायचाच आहे, तर गिऱ्हाइकाला मोठी गाडी घेतल्यासारखं वाटलं तरी पाहिजे, असा हिशेब. रेघेच्या आत बसेल अशी वेगळी सेडान त्यांनी २०१३ मध्ये काढली. तीच अमेझ.

आणि गंमत बघा, ती रेघ अजून आहे. २०२५ च्या जीएसटी बदलात छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि मोठ्या ४० वर गेल्या, तरी चार मीटरची मोजपट्टी तीच. तुमच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाड्यांची लांबी पंचवीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक ठरवायचं. आता टेप घेऊन अर्थखातं उभं असतं.

डिझेलचा खड्डा

आता या गोष्टीतला सगळ्यात चटका लावणारा भाग. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या किमतीवरचं नियंत्रण काढलं. डिझेलवर मात्र ठेवलं, कारण ट्रक, ट्रॅक्टर, एसटी सगळं डिझेलवर. झालं काय, की दोघांच्या भावातलं अंतर वाढतच गेलं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! वर डिझेल गाडी अ‍ॅव्हरेजही जास्त देणार. मग कोण घेणार पेट्रोल सेडान?

आणि सिटीकडे डिझेल इंजिनच नव्हतं.

याच वेळी आपल्या पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनची व्हेंटो बनायला लागली होती, डिझेलसकट. मग स्कोडाची रॅपिड. २०११ मध्ये ह्युंदाईची नवी वेर्ना आली, तीही डिझेलसकट, आणि तिने सिटीला मागे टाकलं. होंडाने २०११ मध्ये सिटीची किंमत कमी केली. त्या काळात चालू गाडीची किंमत कमी करणं म्हणजे हार मानल्यासारखंच होतं.

त्यात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडला महापूर आला. अयुथ्थायाचा होंडाचा कारखाना पाण्याखाली गेला. पाण्यात बुडालेल्या हजारावर नव्या गाड्या कंपनीला भंगारात काढाव्या लागल्या. तिथून येणारे सुटे भाग थांबले आणि भारतातलं उत्पादनही आटलं. एका देशातली नदी दुसऱ्या देशातल्या शोरूमपर्यंत कशी पोचते, त्याचं हे उदाहरण.

होंडाने मग कंबर कसली. १.५ लिटरचं डिझेल इंजिन तयार केलं, २०१३ ला अमेझमध्ये टाकलं आणि जानेवारी २०१४ मध्ये चौथ्या पिढीच्या सिटीत. २६ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज सांगितलं होतं कंपनीने. या पिढीचं जगातलं पहिलं दर्शनसुद्धा दिल्लीत झालं, नोव्हेंबर २०१३ मध्ये. भारत आता जुने युनिफॉर्म घालणारा धाकटा भाऊ राहिला नव्हता.

सिटी पुन्हा जोरात विकायला लागली. आणि मग? ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलवरचंही नियंत्रण काढलं! इंजिन बाजारात येऊन नऊ महिने झाले होते. ज्या फरकासाठी ते बनवलं तो फरकच हळूहळू कमी व्हायला लागला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करण्याचा आदेश दिला. २०२० मध्ये बीएस-६ आलं, डिझेल स्वच्छ करण्याचा खर्च वाढला. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून प्रदूषण मोजायचे नियम लागू झाले आणि त्याआधीच सिटीतलं डिझेल इंजिन बंद झालं. सिटीतला त्याचा सगळा मुक्काम नऊ वर्षांचा.

या सगळ्यात चूक कुणाची? खरं सांगायचं तर मला कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. गाडी बनवायला चार-पाच वर्षं लागतात आणि सरकारचा निर्णय एका संध्याकाळी येतो. मध्ये सापडतो तो गाडी घेणारा. २०१४ मध्ये कर्ज काढून दिल्लीत डिझेल गाडी घेतलेल्या माणसाचा विचार करा. पंधरा वर्षं वापरू म्हणून घेतली, आणि दहा वर्षांतच तिचं काय करायचं हा प्रश्न पडला.

स्पर्धा नसती तर?

काही जण म्हणतील, सारखं मॉडेल बदलतं ते कंपनीच्या फायद्यासाठी. बरोबर आहे. पण सीमेपलीकडे बघा. आपली २००८ ची तिसरी सिटी पाकिस्तानात २००९ मध्ये गेली आणि तिथे २०२१ पर्यंत तीच नवी गाडी म्हणून विकली गेली. बारा वर्षं! तेवढ्या वेळात आपल्याकडे दोन पिढ्या बदलल्या. गाडी तीच आणि कंपनीही तीच. फरक एवढाच की आपल्याकडे समोर वेर्ना, व्हेंटो, सियाझ उभ्या होत्या आणि तिथे ग्राहकाला इतकी निवड नव्हती. आपल्याकडेही एके काळी पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर वर्षानुवर्षं तशाच विकल्या जायच्या, ते याच कारणाने.

एक न दिसणारी गोष्ट: एअरबॅग

हा भाग स्किप करू नका, विशेषतः सेकंडहँड गाडी बघत असाल तर.

होंडासह जगातल्या कितीतरी कंपन्या एअरबॅगचे भाग टकाटा या जपानी कंपनीकडून घ्यायच्या. एअरबॅग फुगवायला आत एक रसायन स्फोटासारखं जळावं लागतं. टकाटाने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने ते बिघडायचं. मग अपघातात एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटायचं आणि त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर उडायचे. ज्या गोष्टीने जीव वाचवायचा, तिनेच जगभर कित्येक जीव घेतले. हे वाहन उद्योगातलं सगळ्यात मोठं रिकॉल ठरलं आणि २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली.

भारतातही होंडाने टप्प्याटप्प्याने जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड परत बोलावून तो भाग फुकट बदलून दिला. पण पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. गाडी तिसऱ्या हातात गेली असेल तर? आपल्या कोकण किनाऱ्याची, मुंबईची हवा किती दमट आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणून जुनी सिटी घेताय, तर आरसीवरचा १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि रिकॉल बाकी आहे का बघा. दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. टायर आणि सीट कव्हर बघण्याआधी हे बघा.

मी मामाला हे सांगितलं तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाला, "अरे, वीस वर्षं मी त्याच्यासमोर बसतोय." त्याच दिवशी त्याने नंबर टाकून बघितला.

२०२०: मोठी झाली आणि एकटी पडली

पाचवी पिढी लॉकडाउनच्या वर्षात आली, जुलै २०२० मध्ये. लांबी साडेचार मीटरच्या वर. १९९८ ची सिटी हिच्या शेजारी उभी केली तर लहान बहीण वाटेल. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रेटर नोएडाचा कारखाना बंद झाला, जिथे पहिली सिटी बनली होती, आणि सगळं उत्पादन राजस्थानात टपूकडाला गेलं.

मे २०२२ मध्ये हायब्रिड सिटी आली. यात पेट्रोल इंजिन बराच वेळ चाकांना हातच लावत नाही. ते जनरेटर बनून वीज तयार करतं आणि चाकं फिरवते इलेक्ट्रिक मोटर. हायवेवर एका वेगाने जाताना इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. सांगितलेलं अ‍ॅव्हरेज २६.५ किलोमीटर. आठवतंय ना, २०१४ ची डिझेल सिटी किती सांगत होती? २६. म्हणजे ज्या आकड्यासाठी डिझेलच्या मागे धावलो, तो शेवटी पेट्रोलवरच मिळाला. फक्त हायब्रिडची सुरुवातीची किंमत होती साडेएकोणीस लाख. अ‍ॅव्हरेजने वाचवायचं, पण आधी तेवढे पैसे हवेत.

तोपर्यंत बाजार मात्र दुसरीकडे निघून गेला होता. २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा आली आणि मध्यमवर्गीय घराच्या स्वप्नातली गाडी उंच झाली. खड्डे आहेत, स्पीडब्रेकर आहेत, पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, आणि उंच बसलं की जरा रुबाबही वाटतो. सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. सिटी, वेर्ना आणि चाकणच्या व्हर्टस, स्लाव्हिया एवढेच भिडू उरले.

होंडानेही मग २०२३ मध्ये एलिव्हेट ही एसयूव्ही आणली. इंजिन सिटीचंच, १.५ लिटर. पायाही सिटीचाच. आणि आता शेवटची गंमत ऐका. टपूकडाला बनलेली हीच एलिव्हेट २०२४ पासून जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही या नावाने विकली जाते. ज्या देशात १९८१ मध्ये सिटी हे नाव जन्मलं, तिथे आज सिटी मिळत नाही. पण तिच्याच हाडामासाची, भारतात बनलेली गाडी बोटीत बसून तिकडे जाते.

मग मामाचं काय?

आता मूळ प्रश्न. ठेवू का विकू?

हिशेब सांगतो. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना त्याहून जास्त आहे. वर राज्याचा पर्यावरण कर. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या साखर कारखान्यांसाठी चांगली बातमी, पण मामाची गाडी त्या काळात बनलीच नव्हती. त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप आणि सील यांवर मेकॅनिकची नजर हवी. आणि एअरबॅग, सीटबेल्ट, बॉडी सगळं २००५ च्या समजुतीप्रमाणे बनलेलं. गेल्या वीस वर्षांत त्या बाबतीत गाड्या खूप पुढे गेल्यात, हे प्रेमापोटी विसरून चालत नाही.

मी मामाला म्हटलं, "मामा, गावात फिरवायला ठेव. मुंबईला, हायवेला मात्र नको. आणि पोरांना घेऊन तर नकोच."

मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे भाजी आणायला होंडा सिटी?"

"हो. नावच सिटी आहे ना तिचं. जपानमध्ये गल्लीबोळासाठीच काढली होती."

हसला. रिपासिंग करून घेतलं त्याने. हायवेसाठी दुसरी गाडी बघतोय, आणि मला माहितीय, उंच गाडीच घेणार. मामीने आधीच सांगून ठेवलंय की काहीही घ्या, पण डिकीत चौरंग मावला पाहिजे.

तर मंडळी, तुमच्या घरची पहिली गाडी कोणती होती आणि ती का घेतली होती, हे आज घरी विचारा. रंग आणि मॉडेल सगळ्यांनाच आठवतं, तुम्ही त्या वेळचा पेट्रोलचा भाव विचारा, कर्जाचा हप्ता विचारा, शेजाऱ्याकडे कोणती गाडी होती तेही विचारा. आपल्या घराचा इतिहास तिथून बराच उलगडतो. सापडलेली गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा. आणि जुनी गाडी असेल, तर झोपण्याआधी तो चेसिस नंबर एकदा टाकून बघाच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, बेल्ट लावा. मागच्या सीटवर बसलात तरी लावा!